मारबतीच्या कानात

शिवेवर पळसाचं दाट बन असलेल्या एका गावात एक माळीण राहत होती. तिचं नाव पंचफुला. तिच्या नवऱ्याचं नाव डोमाजी. ओढ्याच्या काठी त्यांची लहानशी वाडी होती. वाडीत कोहळे, दोडके, वांगी, वालाच्या शेंगा. बाजाराच्या दिवशी डोमाजी भरली टोपली घेऊन जायचा आणि रिकामी घेऊन यायचा. घर त्यावर सुखानं चालायचं.

सुखात एकच काटा होता. पंचफुलाचं पहिलं बाळ पाचवी पुजायच्या आतच गेलं होतं. म्हणून दुसरं बाळ झालं तेव्हा सुईण गिरजामायनं त्याला हातात घेतल्या घेतल्या बजावलं, "याचं नाव चांगलं ठेवू नको व माय. चांगल्या नावावर वाईटाची नजर बसते. धोंड्या म्हण, उकिरड्या म्हण."

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून एक काळा किडा शेणाची गोळी ढकलत चालला होता. गिरजामायनं त्याच्याकडे बोट केलं. "हे पाहा. याचा कोणी हेवा करते का? याले कोणी पाहते तरी का? पोराचं नाव किडा ठेव. यमबी ओलांडून जाईल."

असं बाळाचं नाव किडा पडलं. लाडानं सगळे किडू म्हणू लागले.

नाव ठेवलं, पण पंचफुलाची धास्ती काही गेली नाही. बाळ निजलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालतोय ना. बाळ रडलं की ती घाबरायची, आणि नाही रडलं तर त्याहून जास्त घाबरायची. आई झालेल्या बाईला हे सांगायला नको.

एक दिवस किडूच्या कानात मुंगी गेली. पोर असं किंचाळलं की ओढ्यापलीकडची माणसं धावत आली. गिरजामायनं कोमट तेलाचे थेंब सोडले, मुंगी तरंगून वर आली, आणि घडीभरात किडू दूध पिऊन निजला. पण पंचफुला त्या दिवसापासून निजली म्हणून नाही. तिला जिकडेतिकडे किडेच दिसू लागले. भिंतीवर, छपरात, पानाखाली, चुलीमागं. मुंग्यांच्या वारुळात ती उकळतं पाणी ओतायची. कुंभारीण माशीनं चौकटीवर मातीचं घर बांधलं होतं, ते तिनं सांडशीनं फोडलं. आत हिरव्या अळ्या भरून ठेवलेल्या होत्या. वाडीतली पानं खाणाऱ्याच त्या अळ्या. पण पंचफुलानं तेवढा विचार केला नाही. शी म्हणून उकिरड्यावर फेकलं.

डोमाजी म्हणायचा, "अगं, वाडी म्हटल्यावर किडे असणारच. ते त्यांचं काम करतात, आपण आपलं करतो."

"तुमच्या कानात नाही ना गेली मुंगी!" पंचफुला म्हणायची. मग डोमाजी टोपली उचलून बाहेर जायचा. शहाणा माणूस होता.

किडू रांगायला लागला. एका सकाळी तो गोठ्यापाशी बसला होता. समोर एक शेणकिडा पाठमोरा होऊन, मागच्या पायांनी आपली गोळी ढकलत होता. गोळी घरंगळली. किडा उलथा पडला. हातपाय झाडून सरळ झाला आणि पुन्हा गोळीला भिडला. ते बघून किडू खदखदून हसला. जन्मल्यापासून तो असा पोट धरून कधी हसला नव्हता.

पंचफुला झाडू घेऊन धावली. गोळीसकट किडा तिनं पार कुंपणाबाहेर उडवला. किडूचं हसू तोंडातच राहिलं.

पुढं पोळा आला. त्या गावात पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या रोवायची रीत होती. आणि गावाची मिळून एक मारबत करायची. मारबत म्हणजे पेंढ्याची बाई. बांबूचे हातपाय, मडक्याचं डोकं, अंगावर जुनेर लुगडं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव दारातल्या फांद्या उपटून निघायचं, मारबतीला उचलून शिवेबाहेर न्यायचं आणि ओरडायचं, "इडा पिडा, खोकला खरूज, राई रोग घेऊन जा गे मारबत!" तिला पळसाखाली टाकून मागं वळून न बघता घरी यायचं. वर्षभराची पिडा गेली.

या रितीत एक नेम होता. मारबतीला सांगायचं ते ओरडून सांगायचं, साऱ्यांनी मिळून. तिच्या कानात बोलायचं नाही. म्हातारी माणसं म्हणायची, ओरडलेलं वाऱ्यावर जातं. त्यातलं थोडं ती नेते, थोडं राहून जातं. पण कानात सांगितलेलं ती विसरत नाही.

त्या वर्षी सारे परतले आणि पंचफुला पैंजण पडल्याचं निमित्त करून मागं राहिली. पळसाखाली मारबत वाकडीतिकडी पडली होती. पंचफुला तिच्याजवळ बसली. तिनं मडक्याच्या डोक्याशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या गावातली झाडून सारी किडामुंगी घेऊन जा. उडणारी, सरपटणारी, मातीतली, पानावरची. एक किडा ठेवू नको."

मडकं किंचित कलंडलं. कोणी नीट ऐकू यावं म्हणून मान कलती करतं, तसं. वारा मुळीच नव्हता.

पंचफुला धावत घरी आली.

दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या दोरीवर मुंगी नव्हती. दिव्यावर पाखरू नव्हतं. कुठं झुरळ नाही, डास नाही, माशी नाही. गूळ उघडा राहिला तरी त्याला काही लागलं नाही. सारं गाव हरखलं. विहिरीवर बाया म्हणाल्या, "यंदाच्या मारबतीनं काम केलं बाप्पा!" पंचफुला गालात हसली. कितीतरी महिन्यांनी ती त्या दिवशी पोटभर झोपली.

मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली.

पहिल्यानं आवाज गेला. दिवसभर कानाला लागून राहिलेली किरकिर, गुणगुण, पानातली खुसफूस, तिच्याकडे कधी कोणी लक्ष दिलं नव्हतं. ती थांबली तेव्हा कळलं. भर दुपारी गाव असं गप्प व्हायचं की आपल्याच बांगड्यांचा आवाज दचकवायचा. माणसं उगाच मोठ्यानं बोलू लागली. आणि बोलून झालं की लगेच गप्प होऊन कान देऊ लागली.

मग पाखरं गेली. चिमण्या नाहीत, साळुंक्या नाहीत. ओढ्यातले बेडूक गेले, कुंपणावरचे सरडे गेले. कोळ्यांची जाळी रिकामी लोंबत राहिली.

गोठ्यात आणि रानात शेण पडलं तिथंच पडून राहिलं. पूर्वी सकाळी पडलेला पो दोन दिवसांत भुगा होऊन मातीत जायचा. आता तो वाळून थाळीसारखा टणक झाला. थाळीशेजारी थाळी. खालचं गवत पांढरं पडलं. गाई त्या रानात तोंड घालीनात. माती अशी घट्ट बसली की पाणी दिलं तर वरच्या वर वाहून जायचं. शेवग्याखाली एक मेलेली चिमणी पडली होती. तिला मुंगी लागली नाही, किडा लागला नाही. ती रोज तशीच, रोज त्याच जागी, पंचफुलाकडे बघत.

आणि वाडीत कोहळ्याच्या वेलाला फुलं आली. पिवळीधमक, ताटाएवढी. बाईफुलांच्या खाली बोराएवढे कोहळेही दिसले. डोमाजी खूश झाला. पण फुलं मिटली आणि ते इवले कोहळे पिवळे पडून गळाले. पुन्हा फुलं आली, पुन्हा गळाली. दोडक्याचं तेच, भोपळ्याचं तेच. डोमाजीनं बुवाफूल तोडून बाईफुलाला हातानं लावून पाहिलं. चारदोन कोहळे धरले. पण सगळ्या रानातल्या सगळ्या फुलांना माणसाचे हात कुठवर पुरणार?

शिवेपलीकडच्या गावात मात्र वेल लगडले होते. अखेर डोमाजी तिकडच्या बाजारातून कोहळा विकत घेऊन आला. वाटेत माणसांनी पाहिलं.

"माळ्यानं कोहळा विकत आणला व बाई! आता कुंभार मडकं विकत आणील."

डोमाजी तसाच घरी आला. कोहळा ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

गिरजामाय काठी टेकत आली. ओट्यावर बसली आणि पंचफुलाकडे बघत म्हणाली, "मारबतीच्या कानात कोणी बोललं काय व?"

"मले काय माहीत?" पंचफुला म्हणाली. पण तिच्या हातातली चाळणी निसटली.

गिरजामायनं चाळणी उचलून दिली. "ती अर्धं काम कधी करत नाही," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्याच सुमारास किडू बदलला. तो हसेना. रडेना. अंगणात बसला की जमिनीवर काहीतरी शोधायचा. बोटानं माती उकरायचा आणि रिकाम्या तळव्याकडे बघत राहायचा. आणि भर दुपारी सारं गप्प झालं की तो कान टवकारायचा. शिवेच्या दिशेला तोंड करायचा. मग बंद ओठांतून बारीक आवाज काढायचा. गुणगुण. मधमाशीच्या पोळ्याशी कान लावल्यावर येते तशी.

"किडू! ए किडू!" पंचफुला हाक मारायची. तो वळायचा नाही.

एका दुपारी तो कुठं बघतो म्हणून तिनंही तिकडे बघितलं. दूर शिवेवर पळसाखाली कोणी बाई उभी होती. जुनेर लुगड्याची. पंचफुलाला वाटलं, कोणी मोळीवाली असेल.

पुढच्या दुपारी ती बाई बांधावर होती.

त्याच्या पुढच्या दुपारी ओढ्याच्या अलीकडे. आणि आता नीट दिसत होतं की तिला पावलं नव्हती, बांबू होते. डोक्याच्या जागी मडकं होतं. पोळ्याला ती काडीसारखी वाळकी होती. आता ती फुगली होती. लुगडं ठिकठिकाणी ताणलं होतं आणि आतून हळूहळू हलत होतं, पोटुशीच्या पोटात बाळ फिरावं तसं.

पंचफुलानं दार लावलं. फटीला चिंध्या कोंबल्या. डोमाजीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? मीच बोलावलं म्हणून?

दुसऱ्या दिवशी डोमाजी बाजाराला गेला. दुपार झाली. पंचफुला चुलीपुढं होती. तिनं सहज मागं बघितलं तर गोधडीवर किडू नव्हता. दाराच्या चिंध्या बाहेर पडल्या होत्या. दार उघडं होतं.

ती हातातला झाडू तसाच घेऊन बाहेर धावली. किडू अंगणातून रांगत चालला होता. भराभर, न थांबता. कुंपणाच्या फाटकात मारबत उभी होती. तिच्या अंगातून गुणगुण येत होती, आणि किडूच्या ओठांतूनही तीच. दोन्हींचा सूर एक झाला होता.

पंचफुलानं धावत जाऊन पोराला उचललं. तो जड लागला. एवढंसं पोर, पण धोंड्यासारखं जड. तिच्या हातातून तो निसटला आणि पुन्हा रांगू लागला.

"आली मी," मारबत म्हणाली. आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमला. "एक राहिला होता."

"कोण राहिला?"

"कानात सांगितलंस ना, एक किडा ठेवू नको म्हणून. सारे नेले. पानाखालचे, सालीखालचे, मातीतले. मोजून पाहिले तर एक कमी. आणि तू तर रोज हाक मारतेस. किडा, किडू. मले शिवेवर ऐकू येते."

पंचफुला म्हणाली, "तो किडा नाही. माझा लेक आहे."

"नाव कोणी ठेवलं?"

"नजर लागू नये म्हणून ठेवलं!"

"नजर नाहीच लागली," मारबत म्हणाली. "मी नजर लावत नाही. मी नेते."

किडू फाटकापाशी पोचला होता. मारबतीच्या लुगड्याचा काठ त्याच्या डोक्यावर हलत होता. पंचफुला आडवी पडली, एका हातात झाडू, दुसऱ्यानं पोराचे पाय धरले. "मले ने! मीच बोलले होते कानात. माझीच जीभ घसरली. मले ने, त्याले सोड!"

"तुझं नाव पंचफुला. फुलं नेणं माझं काम नाही. किडे गेले की फुलं आपली आपणच जातात."

पंचफुला रडू लागली. मारबतीच्या पोटात काहीतरी कुरकुरलं, खरवडलं. मग ती म्हणाली, "कानात सांगितलेलं एकदाच मोडता येते. दोन वाटा आहेत. 'याले सोड' म्हण. हा तुझ्या मांडीवर राहील, बाकी सारे माझ्यात राहतील. मी जाईन, पुन्हा येणार नाही. नाही तर 'साऱ्यांले सोड' म्हण. पण सारे म्हणजे सारे. पोराच्या कानात शिरते ती मुंगीबी. आणि त्यांले एकेकाले बोलावून घ्यावं लागते. जो हाकेत आला नाही तो माझा. त्यात एकजरी राहिला, तर हाबी त्याच्यासंगं माझा."

पहिली वाट किती सोपी होती! दोन शब्द. पंचफुलाच्या ओठांवर ते आलेही. 'याले सोड.' एवढं म्हणायचं आणि पोराला पदराखाली घेऊन दार लावायचं. गावाचं गाव बघून घेईल.

तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर वाडीवर गेली. वेलाखाली गळालेल्या फुलांचा सडा पडला होता. त्या सड्यावर ना माशी ना भुंगा. मातीला दगडासारख्या भेगा. शेवग्याखाली ती चिमणी, अजून तशीच. पंचफुलाच्या मनात आलं, पोर मांडीवर राहील. पण उद्या मांडीवरून उतरेल. उतरून रांगेल कुठं? दात आले की याच्या हातात काय ठेवू? आणि हा मोठा होऊन विचारेल, आई, गाव असं गप्प का? तेव्हा काय सांगू? गिरजामायची नातवंडं, शेजारची लेकरं, ती काय धोंडे खातील?

तिनं डोळे पुसले. "साऱ्यांले सोड," ती म्हणाली.

"मग बोलाव."

पहिलं नाव तिच्या ओठाशी आलं. तेच तर नको होतं. तरी तिनं ते बाहेर ओढून काढलं. "मुंगी."

लुगड्याच्या काठातून मुंग्यांची काळी ओळ उतरली आणि सरळ घराकडे निघाली.

"मधमाशी. भुंगा. कुंभारीण. फुलपाखरू." एकेक नाव घेतलं की लुगड्यातून एकेक लोट बाहेर येई. "गांधीलमाशी. नाकतोडा. चतुर. काजवा. सोनकिडा. शेणकिडा." ती दमली. "झुरळ. डास. अळी." हीही नावं तिनं घेतली. सारे म्हणजे सारे.

आणि मग नावं संपली.

मारबतीचं पोट अजून भरलेलं होतं. अर्ध्याहून जास्त भरलेलं. आतून खरवड येतच होती. पानाखाली लपणारे ते ठिपक्यांचे बारके, ज्यांना ती नुसतं 'ते लाल' म्हणायची. लाकूड पोखरणारे, पाण्यावर चालणारे, रात्री मातीतून वर येणारे. जन्मभर त्यांच्यात राहिली, जन्मभर त्यांना झाडलं, पण त्यांची नावं तिनं कधी कोणाला विचारली नव्हती. विचारून काय करायचं होतं? झाडूला नाव लागत नाही.

"झालं?" मारबत म्हणाली. तिचा बांबूचा हात खाली आला. किडूनं आपला हात वर केला. दोघांची बोटं लागायला वीतभर अंतर राहिलं.

"थांब!" पंचफुला ओरडली. "एक नाव राहिलं. किडू!"

बांबूचा हात थबकला.

"माझ्या किडूचं सारं गणगोत सोड. नाव असलेलं, नसलेलं. मले माहीत असलेलं, नसलेलं. तू म्हणतेस ना हा त्यांच्यातला? मग ते त्याचे भाऊबंद झाले. एकेकाले नको, माझ्या लेकाच्या नावानं साऱ्यांले हाक मारते. किडू!"

मडकं कलंडलं. पळसाखाली कलंडलं होतं तसंच. "याचे भाऊबंद, तर तुझे कोण?"

पंचफुला म्हणाली, "माझेच."

"मग झाडू कायले धरला हातात?"

मारबत एवढं बोलली आणि तिचं लुगडं वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं.

आधी आवाज आला. ओढ्याला पूर यावा तसा. मग सारं एकदम बाहेर पडलं. काळं, तांबडं, हिरवं, चमकणारं, केसाळ, पंखाचं, बिनपंखाचं. ऊन झाकोळलं. फाटकात किडू बसला होता, आणि ते सारं त्याच्या अंगावरून वाहू लागलं. त्याच्या केसांतून, पापण्यांवरून, मानेवरून. मुंग्यांची एक ओळ त्याच्या गालावर चढली आणि कानाच्या पाळीशी आली.

पंचफुलाचा हात झाडूसकट वर गेला.

सारी आईपणाची धास्ती त्या हातात आली होती. एक फटका, फक्त एक. पण ती 'माझेच' म्हणाली होती. शब्द तोंडातून गेला होता. मारबतीला सांगितलेला शब्द. तिनं बोटं उघडली. झाडू खाली पडला. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून, आणि बघत राहिली.

मुंगी किडूच्या कानाच्या पाळीवर थांबली. मिशा हलवल्या. मग वळली आणि मानेवरून खाली उतरून मातीत गेली.

लोट सरला. ऊन पुन्हा पडलं. फाटकात एक फाटकं लुगडं होतं, मूठभर पेंढा, बांबूचे तुकडे आणि एक फुटकं मडकं. त्यांच्या मधोमध किडू बसला होता. त्याच्या तळव्यावर एक काळा किडा उलथा पडून हातपाय झाडत होता. तो सरळ झाला, तळव्याच्या काठावरून खाली पडला, पुन्हा सरळ झाला आणि वाळक्या शेणाच्या थाळीकडे चालू लागला.

किडू खदखदून हसला.

पंचफुला त्याच्याजवळ मटकन बसली. तो आता हलका होता, पोरं असतात तेवढाच. सगळ्या रानातून किरकिर सुरू झाली होती, आणि ती किरकिर ऐकून तिला रडू आलं.

संध्याकाळी डोमाजी आला. तिनं त्याला सारं सांगितलं. मग त्याच्यासोबत जाऊन गिरजामायलाही सांगितलं. गिरजामाय म्हणाली, "सुईण मी, नाव मी ठेवलं, अर्धा दोष माझा." आणि जराशानं म्हणाली, "पण नाव वाईट नव्हतं व."

वाडी काही एका दिवसात सुधारली नाही. माती पोखरायला, शेण खाली न्यायला त्या लहान जीवांना पुढचा पोळा उजाडला. पण त्या वर्षी कोहळे असे धरले की डोमाजीनं टोपली सोडून बैलगाडी जुंपली. कुंभारणीनं पुन्हा घर बांधलं, नेमकं पाळण्याच्या कडीवर. पंचफुलानं ते राहू दिलं. किडूला निजवताना ती त्याच्या कानांवर मऊ फडकं बांधायची, अंथरूण झटकायची, पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. धास्ती तिची गेली नव्हती. पण आता ती धास्ती आपल्या पोरापुरती होती. ती दुसऱ्याच्या जिवावर उठत नव्हती.

चांगलं नाव ठेवायला सगळ्यांनी सुचवलं. तिनं ठेवलं नाही. किडू तो किडूच राहिला.

त्या गावात अजून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. गाव ओरडतं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत, किडामुंगी राहू दे गे मारबत!" मग तिला पळसाखाली टाकतात आणि मागं न बघता परततात. कोणी मागं रेंगाळत नाही. कारण जाता जाता सगळ्यांना ठाऊक असतं, पेंढ्यावरचं ते मडकं जरासं कललेलं आहे, आणि कोणी काही सांगतं का म्हणून वाट बघतं आहे.

तात्पर्य: ज्याचं काम आपल्याला दिसत नाही त्याला निकामी समजू नये, आपल्या लेकराच्या भल्यासाठी दुसऱ्या जिवाच्या मुळावर उठू नये, कारण आपलं लेकरूही त्याच मुळावर वाढत असतं.